आधी मोजा, मग बोला

आमचे विषय उर्दू आणि मराठी. अनेक वर्षे आम्ही वर्गात काना-मात्रा, अनुस्वार आणि नुक्ते तपासत आलो आहोत. वहीवर लाल शाईने खूण करायची, चूक दाखवायची आणि पुढच्या वहीकडे वळायचे, ही सवय हाताला इतकी लागली आहे की चूक दिसली की ती करणारा कोण, हे आम्ही लगेच ठरवून मोकळे होतो. या सवयीने एकदा आमच्याकडून एका मुलीवर अन्याय झाला. तो कसा झाला आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेख. घराघरांत आज मुले एलईडी, बॅटऱ्या आणि तारा घेऊन बसलेली दिसतात. त्यांच्या आई-वडिलांनाही यातले काही उपयोगी पडेल.

त्या वर्षी आमच्या शाळेचे विज्ञान शिक्षक लांबच्या रजेवर होते. तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन तोंडावर आले होते. मुख्याध्यापकांनी जबाबदारी आमच्यावर टाकली. आठवीतल्या चार मुलींनी प्रकल्प निवडला होता तो शाळेसमोरच्या रस्त्याचा. पुठ्ठ्याचा रस्ता, झेब्रा क्रॉसिंग आणि दोन्ही बाजूंना उघडझाप करणारा लाल दिवा, म्हणजे गाडीवाल्याने वेग कमी करावा. दिव्यासाठी 555 नावाची आयसी वापरायची होती. आठ पायांची ही छोटी काळी आयसी हान्स कामेनझिंड यांनी 1971 साली तयार केली, 1972 साली ती बाजारात आली आणि आजही छंद म्हणून सर्किट बनवणाऱ्यांच्या डब्यात ती हमखास सापडते. ठरावीक वेळाने चालू-बंद होणारे काहीही बनवायचे असेल तर ती कामाला येते.

सर्किट ब्रेडबोर्डवर जोडायचे होते. ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची प्लास्टिकची पाटी. तारा आणि सुटे भाग भोकांत खोचायचे, सोल्डर करायची गरज नाही. आतल्या धातूच्या पट्ट्यांमुळे पाच-पाच भोके एकमेकांना जोडलेली असतात. दोन्ही कडांना लांबलचक लाल आणि निळ्या रेघांच्या ओळी असतात. त्या बॅटरीच्या धन आणि ऋण टोकांसाठी. आमच्या मुलींनी पाटीच्या डाव्या अर्ध्या भागात एका दिव्याचे सर्किट बसवले, उजव्या अर्ध्या भागात दुसऱ्याचे. बॅटरी डाव्या टोकाला जोडली.

डावा दिवा उघडझाप करू लागला. उजवा मेलेलाच.

निकाल आधी, तपास नंतर

उजवी बाजू ज्या मुलीने जोडली होती, तिला आम्ही सगळ्यांसमोर म्हणालो, "आकृती एकच, बॅटरी एकच. तिचा पेटतो, तुझा पेटत नाही. म्हणजे तूच काहीतरी चुकीचं जोडलंस."

ती हळू आवाजात म्हणाली, "टीचर, मी तीन वेळा तपासलंय."

"मग चौथ्यांदा तपास," असे म्हणून आम्ही पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी तिला बाजूला बसवून दुसऱ्या मुलीला तेच काम दिले. तिने सगळे काढून पुन्हा जोडले. दिवा पेटला नाही. आम्ही निदान केले, आयसी जळाली. नवी आयसी बसवली, सोबत कपॅसिटरही बदलला. तरी दिवा ढिम्म.

बुधवारी शाळा सुटताना त्या मुलीची अम्मी भेटायला आली. "टीचर, ती म्हणते मला या कामातून काढा," अम्मी म्हणाली. "घरात तसेही सगळे म्हणतात, मुलीच्या जातीला तारांशी काय करायचंय. मीच तिच्या बाजूने बोलत होते. आता तुम्हीच म्हणालात की तिला जमत नाही, तर मी घरी काय सांगू?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. अम्मी निघता निघता म्हणाली, "पण काल रात्री मामूचा मीटर घेऊन टॉर्च मोजत बसली होती." तिचा मामू घरांच्या वायरिंगची कामे करतो. आम्ही म्हणालो, "उद्या तिला तो मीटर घेऊनच पाठवा."

गुरुवारी तिने मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या 20 च्या खुणेवर लावला. काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकाला धरून ठेवला आणि लाल प्रोब लाल रेघेच्या ओळीत डावीकडून उजवीकडे एकेका भोकात टेकवत गेली. 9 व्होल्ट, 9 व्होल्ट, 9 व्होल्ट. पाटीच्या मधोमध पोहोचली आणि पुढच्या भोकात आकडा शून्यावर आला.

"टीचर, इकडे वीजच येत नाही."

आम्ही वाकून पाहिले. लाल रेघ मधे जराशी तुटलेली होती. निळीही. बऱ्याच मोठ्या ब्रेडबोर्डांवर या ओळी मध्यभागी मुद्दाम तोडलेल्या असतात, म्हणजे एकाच पाटीवर दोन वेगवेगळे व्होल्टेज वापरता येते. रेघेतली ती मोकळी जागा आम्ही चार दिवस पाहत होतो आणि कुणालाही ती दिसली नव्हती. उजव्या बाजूच्या सर्किटला बॅटरी कधी मिळालीच नव्हती. त्या मुलीची जोडणी पहिल्यापासून बरोबर होती.

दोन बोटांएवढ्या तारेचे दोन तुकडे तिने घेतले. एकाने लाल ओळ सांधली, दुसऱ्याने निळी. उजवा दिवा पेटला.

दुसरी चूक कुणाची?

पेटला, पण उघडझाप करेना. सतत जळत राहिला. आता मुली आमच्याकडे पाहू लागल्या. या वेळी आम्ही काही बोललो नाही. तिलाच विचारले, "पुढे काय मोजायचं?"

या सर्किटची गती दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून ठरवतात. आमच्या आकृतीत 1,000 ओहम, 47,000 ओहम आणि 10 मायक्रोफॅरड अशी मापे होती. या मापांत दिवा सेकंदाला साधारण दीड वेळा उघडझाप करतो. तिने बॅटरी काढली, 47,000 ओहमच्या रेझिस्टरचा एक पाय उपसला आणि मीटर लावला. आकडा आला 470 च्या आसपास.

रेझिस्टरवर किंमत आकड्यांत लिहिलेली नसते, रंगीत पट्ट्यांत असते. पिवळा म्हणजे 4, जांभळा म्हणजे 7, आणि तिसरी पट्टी सांगते की पुढे शून्ये किती. तपकिरी असेल तर एक, म्हणजे 470. नारिंगी असेल तर तीन, म्हणजे 47,000. ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी आणि नारिंगी यांत फार फरक दिसत नाही. 470 चा रेझिस्टर बसल्यावर दिवा सेकंदाला सुमारे 74 वेळा उघडझाप करत होता. इतका वेग डोळ्याला कळत नाही, म्हणून तो सतत पेटलेला वाटत होता. सर्किट चालत होते, फक्त आपल्या नजरेपेक्षा वेगाने.

आता प्रश्न उरला, चुकीचा रेझिस्टर आला कुठून? सुटे भाग पाकिटांत वेगवेगळे करून, पाकिटांवर किमती लिहून मुलींना आम्हीच दिले होते. आदल्या रविवारी रात्री, घरी, ट्यूबलाइटखाली बसून.

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना नेहमी सांगतो की एका नुक्त्याने "दुआ"चा "दगा" होतो. ऐनवर एक टिंब पडले की गैन होते आणि अर्थ उलटा होतो. तपकिरी आणि नारिंगी पट्टीचेही तसेच आहे. नुक्त्याच्या बाबतीत इतके काटेकोर असलेले आम्ही पट्टीच्या बाबतीत बेफिकीर राहिलो आणि दोष मात्र मुलीला दिला.

त्याच दिवशी वर्गात आम्ही उभे राहून सांगितले की दोन चुका होत्या, एक पाटीची रचना न समजल्याची आणि दुसरी आमची स्वतःची, आणि या मुलीचे काम सुरुवातीपासून बरोबर होते. ज्यांच्यासमोर तिला बोललो होतो, त्यांच्यासमोरच हे सांगणे भाग होते. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन अम्मीलाही सांगितले.

बिघाड शोधण्याचा क्रम

त्यानंतर आम्ही हा विषय मुलींबरोबर बसून शिकलो. बिघाड शोधण्याचा क्रम पाळला तर निम्मे काम सोपे होते.

पहिला प्रश्न असा विचारायचा की हे सर्किट कधी चालले होते का? कधीच चालले नसेल तर संशय जोडणीवर घ्यावा: तार चुकीच्या भोकात, आयसी उलटी, भागाची किंमत चुकीची. आधी चालत होते आणि आता बंद पडले असेल तर जोडणी बरोबरच असणार. मग बॅटरी, सैल झालेला सांधा, गंज किंवा उडालेला भाग यांकडे पाहावे. पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा बरीच मुले बनवतात. तो काही महिने वाजतो आणि मग गप्प होतो. अशा वेळी सर्किट उसवण्याआधी टाकीतली तारांची टोके पाहा. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहत असल्याने पाण्यात धन टोकाचे तांबे झिजते आणि त्यावर हिरवट थर चढतो. टोके घासून साफ केली की बहुतेक वेळा भोंगा पुन्हा बोलतो.

दुसरी पायरी, बॅटरी काढून डोळ्यांनी पाहणे. एखादा पाय भोकात न जाता खाली दुमडला आहे का, दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या आहेत का, काही जळल्याचा वास येतो का. बॅटरी लावल्यावर एखादा भाग चटका बसेल इतका गरम होत असेल तर लगेच बॅटरी काढावी.

तिसरी पायरी, बॅटरी मोजणे, आणि तीही सर्किटला जोडलेली असताना. 9 व्होल्टची जुनी चौकोनी बॅटरी नुसती मोजली तर साडेआठ व्होल्ट दाखवून फसवते. तिच्यावर भार पडला की आकडा झपकन खाली येतो. दुकानदार नुसती मोजून "चांगली आहे" म्हणतो ते याचमुळे.

चौथी पायरी, बॅटरी चांगली असली तरी वीज आयसीपर्यंत पोहोचते का ते पाहणे. 555 च्या पाय क्रमांक 1 आणि 8 वर थेट प्रोब टेकवा. आम्ही हे पहिल्याच दिवशी केले असते तर चार दिवस आणि एका मुलीचे डोळ्यांतले पाणी वाचले असते. पाय क्रमांक 4 वरही पूर्ण व्होल्टेज हवे. तो ऋण टोकाला जोडला गेला तर आयसी काम थांबवते.

पाचवी पायरी, सर्किटचे मनातल्या मनात दोन भाग करणे. 555 चा पाय क्रमांक 3 म्हणजे बाहेर पडण्याचा दरवाजा. तिथे मीटर लावल्यावर आकडा वर-खाली नाचत असेल तर आयसीपर्यंतचे सगळे ठीक आहे, बिघाड पुढे एलईडीच्या बाजूला आहे. आकडा एका जागी थांबलेला असेल तर बिघाड मागे, पाय क्रमांक 2, 6 आणि 7 भोवतीच्या रेझिस्टर-कपॅसिटरमध्ये आहे, किंवा आमच्यासारखा वेग मीटरला पकडता येत नाही इतका जास्त आहे. एका मोजमापात अर्धे सर्किट संशयातून सुटते. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा.

आणि शेवटची गोष्ट, एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. आम्ही आयसी आणि कपॅसिटर एकदम बदलले होते. त्या वेळी दिवा पेटला असता तरी कशामुळे पेटला हे कळले नसते.

सुट्या भागांच्या खोड्या

एलईडीचा लांब पाय धन बाजूचा. पाय कापलेले असतील तर कडेची चपटी बाजू पाहा, ती ऋण. उलटा लावला तर तो पेटत नाही. रेझिस्टरशिवाय सरळ 9 व्होल्टला लावला तर क्षणभर चमकून कायमचा जातो. लाल एलईडीसोबत 470 ओहमचा रेझिस्टर ठेवला की प्रवाह 15 मिलीअँपिअरच्या आसपास राहतो आणि एलईडी सुखरूप असतो.

डब्यासारख्या दिसणाऱ्या कपॅसिटरच्या अंगावर पट्टा असतो. पट्ट्याकडचा पाय ऋण. हा उलटा जोडला तर फुगतो, कधी फुटतोही, म्हणून पहिल्यांदा बॅटरी लावताना तोंड त्यावर झुकवू नये. आयसीच्या एका कडेला खाच किंवा ठिपका असतो. खाच वर धरली की डावीकडचा वरचा पाय 1 क्रमांकाचा.

ट्रान्झिस्टर बदलताना विशेष जपावे. आपल्याकडे सर्रास मिळणारा बीसी 547 चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली करून धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. तसाच दिसणारा पीएन 2222 घेतला तर क्रम बरोबर उलटा. "तसलाच द्या" म्हणून आणलेला भाग त्यामुळे चालत नाही आणि आपण सर्किटला दोष देत बसतो. ट्रान्झिस्टर चालू असताना बेस आणि एमिटरमध्ये 0.6 ते 0.7 व्होल्ट दिसायला हवेत.

मीटर वापरताना

साधा डिजिटल मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो. मुलाला महागडे खेळणे देण्यापेक्षा हा घ्यावा. वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ओहम किंवा बीपचा आवाज तपासताना बॅटरी काढलेली हवी आणि शक्य तर भागाचा एक पाय मोकळा हवा, नाहीतर शेजारच्या भागांमुळे आकडा चुकतो. दुसरे, मीटर अँपिअरवर असताना त्याचे प्रोब बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नयेत. मीटर तेव्हा सरळ तारेसारखा वागतो आणि आतला फ्यूज उडतो. मामूच्या मीटरचा फ्यूज आमच्या मुलींनी एकदा असाच उडवला. नवा घालून परत दिला.

सोल्डरिंग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. सांधा चकचकीत आणि उतरता दिसला तर चांगला. काळपट गोळा दिसला तर तो वरवरचा चिकटलेला असतो आणि हलवला की तुटतो. भागाचा पाय आणि बोर्डवरचे तांबे दोन्ही तापवून मग सोल्डर लावावे. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नये, खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

आणि हे सगळे फक्त बॅटरीवरच्या सर्किटसाठी. घरातल्या 230 व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही. बंद पडलेला चार्जर, इन्व्हर्टर किंवा जुना डब्बा टीव्ही प्लग काढल्यावरही आत वीज धरून ठेवू शकतो. तो उघडायला देऊ नका.

घरच्यांनी काय करावे?

मुलाचे सर्किट चालले नाही की घरात दोन वाक्ये ऐकू येतात. "पैसे वाया घालवलेस" आणि "तुला जमणार नाही". दोन्ही वाक्ये मोजमाप न करता दिलेले निकाल आहेत. पहिल्याच झटक्यात सर्किट चालणे हे अनुभवी माणसाच्या हातूनही नेहमी घडत नाही. बिघाड शोधणे हेच खरे शिकणे. त्याऐवजी विचारा, "बॅटरी मोजलीस? वीज कुठपर्यंत येते?" उत्तर आपल्याला समजले नाही तरी चालेल. मुलाला मात्र पुढे काय करायचे ते समजते. बसायला एक कोपरा द्या, भाग ठेवायला जुना डबा द्या आणि लिहायला वही द्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. मुलाचे सर्किट बंद पडले तर "पुन्हा कर" म्हणतात. मुलीचे बंद पडले तर "सोडून दे" म्हणतात. आम्हीही तेच केले होते. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा मुलींनाही खुला आहे. दुरुस्तीची कामे पुष्कळ आहेत आणि त्यांना धीराची माणसे लागतात.

प्रदर्शनात आमच्या मुलींना बक्षीस मिळाले नाही. दुपारी दोन्ही दिवे मंद झाले, तेव्हा बाकीच्या तिघी घाबरल्या. तिने दिवे चालू असतानाच बॅटरी मोजली, आकडा पाचच्या खाली गेलेला पाहिला आणि दुसरी बॅटरी लावली. आम्ही काही बोललो नाही, बोलायची गरजच पडली नाही.

ती आता दहावीत आहे. पुढे काय करायचे ते ती आणि तिच्या घरचे ठरवतील. घरात आता तिच्या बाजूने बोलणारी अम्मी एकटी नाही. त्या वर्षीचा ब्रेडबोर्ड अजून शाळेच्या कपाटात आहे. डब्याच्या झाकणावर तिने आतून कागद चिकटवला आहे, खाली येणाऱ्या मुलांसाठी: "ओळी मधून तुटलेल्या आहेत. दोन तारा लावा."